यंदा पावसाळा पार करायचा: गॅलरीतल्या ३१ कुंड्यांच्या नोंदी

९ फेब्रुवारी

मागच्या पावसाळ्यात माझ्या सक्युलंटच्या, म्हणजे पानांत पाणी साठवणाऱ्या झाडांच्या, २२ पैकी १७ कुंड्या गेल्या. जूनच्या अखेरीस पानं काचेसारखी आरपार दिसायला लागली, मग एकेक गळून पडलं, आणि गणपती येईपर्यंत गॅलरीत रिकाम्या कुंड्यांची चळत उरली. आई रोज सकाळी तुळशीबरोबर यांनाही तांब्याभर पाणी घालायची. मी तिच्यावर चिडले, दोन दिवस आम्ही नीट बोललो नाही. यंदा पुन्हा लावतेय, पण वहीत लिहून. किती पाणी, केव्हा, कुठल्या जागी, सगळं. एकच गोष्ट साधायची आहे: ही झाडं दसऱ्याला जिवंत दिसली पाहिजेत.

जागा: ठाणे, दुसरा मजला, दक्षिणेची गॅलरी, वर स्लॅब. सध्या दुपारचं ऊन थेट हॉलच्या उंबऱ्यापर्यंत येतंय.

एचेवेरिया ८, हावर्थिया ६, ग्राप्टोपेटॅलम ५, जेड ५, कोरफड ३, पानफुटी २, गॅस्टेरिया २. यातल्या तिन्ही कोरफडी आणि दोन हावर्थिया मागच्या वर्षी वाचलेल्या. बाकी काही नर्सरीतून, काही मैत्रिणीकडच्या फांद्या. ‘जेड’ लिहिलंय खरं, पण पाचातलं एकच खरं जेड, म्हणजे क्रॅसुला ओवाटा. उरलेली चार लालसर देठाची, नखाएवढ्या गोल पानांची आहेत. ती पोर्टुलाकारिया. आपल्याकडे नर्सऱ्यांत सर्रास तीच जेड म्हणून मिळतात. दोन्ही दक्षिण आफ्रिकेतली. पोर्टुलाकारियाचा पाला तिकडे हत्ती खातात.

११ फेब्रुवारी

दिवसभर कुंड्या बदलल्या. नर्सरीतली प्रत्येक कुंडी उलटी केली की आत नुसतं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सालीचा भुसा. मुळं मोकळी करायला गेले तर मधोमध जाळीची एक इवलीशी पिशवी हाती लागली, चहाच्या डिप पिशवीसारखी. रोप लहान असताना त्यात वाढवलेलं असतं आणि ती तशीच राहते. मुळं जाळीतून कशीबशी बाहेर आली होती, पण आतला गोळा ओला आणि काळपट. नखं कापायच्या कात्रीने जाळी उभी चिरली आणि चिमट्याने तुकडे काढले. एका झाडाला वीस मिनिटं लागली. घाई केली की मुळं तुटतात.

नवं मिश्रण: विटांचा चुरा ३ भाग, सिंडर (बॉयलरमधल्या जळक्या कोळशाची हलकी खडी) ३ भाग, जाड रेती १, चाळलेलं शेणखत १. चुरा आणि सिंडर पिठाच्या चाळणीने चाळून धूळ काढून टाकली. धूळ राहिली तर पाण्याबरोबर खाली बसते आणि त्याचा चिखल होतो. खडे तुरीच्या डाळीपासून हरभऱ्याएवढे.

दोन एचेवेरिया मात्र कोकोपीटमध्येच ठेवल्या. मनाला बरं वाटलं नाही, पण शेजारी शेजारी पाहिल्याशिवाय कळणार कसं?

एचेवेरियाच्या पानांवर पांढरी पिठी असते, द्राक्षावर असते तशी. बोट लागलं की तिथे ठसा उमटतो आणि त्या पानावर तो कायम राहतो. एकीवर माझा अंगठा आहे. ते पान जुनं होऊन गळेपर्यंत तो तिथेच दिसणार.

१४ फेब्रुवारी

मुळं दुखावलेली असतात म्हणून तीन दिवस कोरडं ठेवलं, आज पहिलं पाणी. वर खडे सुकलेले दिसतात आणि आत ओल असते, त्यामुळे डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही. स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला. चार इंची कुंडी, विटांच्या चुऱ्याची: कोरडी ३१० ग्रॅम, भिजवून निथळल्यावर ४१५. तेवढीच कुंडी कोकोपीटची: कोरडी १६०, भिजल्यावर ३९०. म्हणजे एकात १०५ ग्रॅम पाणी राहतं, दुसऱ्यात २३०. झाड तेवढंच.

प्रत्येक कुंडीच्या बुडाशी मार्करने दोन आकडे लिहिले. वजन खालच्या आकड्याला आलं की मगच पाणी.

आई म्हणाली, “झाडाला वजन करून पाणी घालतात होय? तहान लागलेल्याला विचारत बसायचं?”

२३ फेब्रुवारी

ग्राप्टोपेटॅलमची गळलेली सात पानं ताटलीत नुसती ठेवली होती. माती नाही, पाणी नाही. आज चार पानांच्या टोकाला गुलाबी धाग्यासारखी मुळं आणि एकाला मोहरीएवढा कोंब. पान खोडापासून पूर्ण निघालं पाहिजे. अर्धवट तुटलं तर काही फुटत नाही. हलकेच डावी-उजवीकडे हलवायचं, ‘टच्’ असा आवाज येतो.

या झाडाचं शास्त्रीय नाव पॅराग्वायेन्सी, पण मूळ मेक्सिकोचं. नाव देताना झालेली चूक तशीच राहिली. मुंबई-ठाण्यात कुणी पहिलं सक्युलंट विचारलं तर मी हेच सांगेन.

५ मार्च

चुऱ्याच्या कुंड्या सहा दिवसांत कोरड्या. कोकोपीटच्या चौदाव्या दिवशी.

२ एप्रिल

एका पोर्टुलाकारियाच्या पेरांत कापसासारखं दिसलं. पिठ्या ढेकूण. मेडिकलमधून स्पिरिट आणलं, कानात घालायच्या कापसाच्या काडीने एकेक टिपला. स्पिरिट लागलं की पांढरं विरघळून खालचा गुलाबी किडा दिसतो. एचेवेरियावर असतं तर पिठीही गेली असती, तिथे काडीचं नुसतं टोकच वापरावं लागलं असतं. कुंडी वेगळी ठेवली.

९ एप्रिल

पुन्हा. कुंडीतून काढून पाहिलं तर मुळांवरही तेच, पांढऱ्या बुरशीसारखं. मुळं धुतली, निम्मी कापली, शेंडे वेगळे लावले. बुंधा टाकून दिला. एक कमी. शेंडे रुजले तर ते वेगळे मोजेन.

१५ मे

हे मी मागच्या वर्षी पाहिलं असतं तर निम्मी झाडं वाचली असती.

आज बारा वाजून गेल्यावर गॅलरीत गेले. ऊन कठड्यावरसुद्धा नाही. बाहेर रस्ता भाजतोय आणि माझ्या कुंड्या सावलीत. धाकटीने खाली अंगणात जाऊन काठी उभी धरली, सावली काठीच्या बुडाशीच गोळा झालेली. शून्य सावलीचे दिवस. आपल्याकडे मेच्या मध्याला सूर्य डोक्यावर येतो, मग उत्तरेला सरकतो आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा डोक्यावरून दक्षिणेला येतो. मधले दोन-अडीच महिने दक्षिणेच्या गॅलरीत थेट ऊन येतच नाही. त्यात जूनपासून ढग. म्हणजे झाडं पाण्याने मरायच्या आधी उजेडाविना अशक्त झालेली होती. मागच्या वर्षी एचेवेरिया उंच होत होत्या तेव्हा मला वाटलं, छान वाढतायत. ती वाढ नव्हती, ती उजेड शोधत मान लांब करत होती.

एचेवेरिया आणि ग्राप्टोपेटॅलम आजच पूर्वेच्या बेडरूमच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये हलवल्या. तिथे सकाळी साडेनऊपर्यंत ऊन आहे. लगेच कडक उन्हात नको म्हणून वर जुन्या नऊवारीचा तुकडा. हावर्थिया आणि गॅस्टेरिया गॅलरीतच. ती मुळात झुडपांच्या सावलीत वाढणारी, त्यांना एवढा उजेड पुरतो.

१८ मे

धाकटीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी पीएच पट्ट्या आणल्या होत्या, त्यातल्या सहा उरल्या. पानफुटीचं एक पान सकाळी सहाला खुडलं, खलबत्त्यात ठेचून पट्टी लावली: नारिंगी. त्याच फांदीचं दुसरं पान संध्याकाळी पाचला: पिवळं. सकाळी आंबट, संध्याकाळी नाही.

ही झाडं दिवसा पर्णरंध्रं मिटून बसतात, पाणी उडू नये म्हणून. रात्री उघडतात, कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात. दिवसा उजेडात ते आम्ल मोडून साखर करतात. आणि सकाळ-संध्याकाळच्या चवीतला हा फरक फार पूर्वी नोंदवला गेला तो आपल्या याच पानफुटीवर. बेंजामिन हाइन नावाचा जर्मन वनस्पती-अभ्यासक भारतात असताना पानं चाखून पाहत होता. १८१३ साली त्याने लंडनच्या लिनिअन सोसायटीला पत्रातून कळवलं: पहाटे पान आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळी कडवट. मुळची मादागास्करची पानफुटी तेव्हा इथल्या बागांत येऊन रुजली होती.

धाकटीला चाखायचं होतं, मी नको म्हटलं. पट्टीने कळतंय ना.

यावरून माझ्या कामाची गोष्ट: रात्र गार असली तर हे आम्ल भरपूर साठतं. एचेवेरिया मेक्सिकोच्या डोंगरांतल्या. तिकडे दिवस उन्हाचे, रात्री थंडगार. माझ्या ग्रिलमधल्या तापमापकावर आज पहाटे २८ होतं. म्हणजे रात्रीचं काम तिचं धड होत नाही. अशा अर्धपोटी झाडाला पाणी पाजून काय उपयोग?

६ जून

स्पंज.

भांडी घासायचा नवा स्पंज पाण्यात बुडवला आणि ओट्यावर आडवा हातात धरला. थोडं पाणी गळलं, मग थांबलं. तोच स्पंज तसाच, न दाबता, उभा केला. पुन्हा धार लागली. आई शेजारी कोथिंबीर निवडत होती, ती बघतच राहिली. “अगं, पण तू दाबला नाहीस.”

कुंडीतही हेच होतं. वरून पाणी घातलं, खालच्या भोकातून निथळलं, थांबलं, तरी तळाशी एक ओला थर अडकून राहतो. मातीचे कण जितके बारीक तितका तो थर जाड. आपण तळाला खापऱ्या आणि खडी घालतो, त्याने पाणी लवकर जात नाही. तो ओला थर तेवढाच राहतो, फक्त खडीच्या वर, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ जाऊन बसतो. मी वर्षानुवर्षं खापऱ्या घालत आले, आईने शिकवलं म्हणून, तिला तिच्या आईने.

चुऱ्याची एक कुंडी भिजवली, निथळू दिली, वजन घेतलं. मग विटेच्या आधाराने तिरकी केली, बशीत पाणी जमलं. १८ ग्रॅम. मग समईची सुती वात भोकातून दोन बोटं आत सरकवली आणि दुसरं टोक खाली लोंबतं ठेवलं. तासाभरात वातीच्या टोकाशी थेंब धरायला लागला. आणखी ११ ग्रॅम. कोकोपीटच्या कुंडीत वातीने ४० ग्रॅम काढलं.

संध्याकाळी आईने एकतीस वाती वळून दिल्या. मी म्हटलं, तीसच हव्यात, एक कुंडी गेली. म्हणाली, “राहू दे गं, शेंडे लावलेत ना त्याचे.”

१३ जून

पाऊस आला. ग्रिलच्या वरचं प्लास्टिक बाहेरच्या बाजूला उतरतं केलं. आईशी नीट बसून बोलले. मागच्या वर्षी तिच्या तांब्यामुळे झाडं गेली असं मी धरून चालले होते. कोकोपीट, तळाच्या खापऱ्या, उजेड नाही, उबट रात्री. तांब्या या सगळ्यात शेवटी येतो. माझं चुकलं, असं तिला सांगितलं.

२८ जून

चुऱ्याच्या कुंड्या नऊ दिवसांनी कोरड्या झाल्या. एप्रिलमध्ये चार दिवस लागत होते.

९ जुलै

कोकोपीटची पहिली एचेवेरिया. काल रात्री ठीक होती. आज सकाळी खालची पानं पिवळी, मेणचट, हात लावला की गळून हातात येतायत. बुंध्याशी करडी रेघ. शेवटचं पाणी २ जूनला दिलेलं, वातही होती. वजन २३२. सदतीस दिवसांनंतरही आत सत्तरेक ग्रॅम पाणी होतंच, आणि हवेतला दमटपणा ते उडू देत नव्हता. दुपारपर्यंत गाभाही गेला. टाकून दिली, कुंडी आणि माती दोन्ही.

दुसरी लगेच उपटली. तिच्या खोडात आत तपकिरी ठिपका. ब्लेड स्पिरिटने पुसून चकती कापली, पुन्हा ठिपका, पुन्हा ब्लेड पुसून चकती. चौथ्या चकतीला खोड सगळीकडून हिरवट पांढरं दिसलं. ब्लेड दर वेळी पुसलं नाही तर कूज आपणच वर नेतो. शेंडा उलटा करून वाटीवर ठेवलाय, आठ दिवस असाच कोरडा राहील.

१२ जुलै

पॅसेजमध्ये लोखंडी मांडणीवर २० वॉटच्या दोन पांढऱ्या एलईडी पट्ट्या लावल्या, झाडांपासून वीतभर उंचीवर. सकाळी सात ते संध्याकाळी पाच. दिवसाला ०.४ युनिट, महिन्याला बारा. उरलेल्या सहा एचेवेरिया तिथे. टेबलफॅन संध्याकाळी तीन तास.

२४ जुलै

पंख्याने फरक पडला. नऊ दिवसांऐवजी सहा. उजेडापेक्षाही हवा खेळती राहणं मोठं, असं मला आता वाटायला लागलंय. तरी आणखी एक एचेवेरिया गेली, तीही चुऱ्यातली. मुळं चांगली होती, कूज वरून गाभ्यातून आली. रात्री पाऊस तिरका आला तेव्हा पॅसेजच्या खिडकीतून शिंतोडे उडाले असणार. गाभ्यात पाणी साचलं दिसलं की सुईच्या टोकाएवढ्या कापसाने टिपायचं, हे आता रोजच्या कामात.

आज एक वेगळंच पाहिलं. मी काटा लावत होते आणि आई माझ्यापुढे कुंड्या उचलून ठेवत होती. एक उचलली, म्हणाली, “ही नको, हिच्यात आहे अजून.” काट्यावर ३८०. दुसरी, “ही गेली सुकून.” ३१५. मी आठ कुंड्या तिला दिल्या, आठही बरोबर. कराडला आमचं किराणा दुकान होतं. चोवीस वर्षं ती गल्ल्यावर बसायची. पुडी बांधता बांधता पावशेरात दाणाभर कमी असला तरी तिच्या हाताला कळायचा.

१७ ऑगस्ट

वाटीवरच्या शेंड्याला तीन मुळं. लावला.

३० ऑगस्ट

गॅलरीत ऊन परतलं, कठड्यापासून हातभर आत.

२१ सप्टेंबर

शिवनेरीला गेलो होतो, धाकटीचा हट्ट. गडाच्या कड्यावर, जिथे हात पोचणार नाही अशा फटीत, शिंदळ माकुडी दिसली. जागा लिहीत नाही, लोक उपटून नेतात. अलीकडे तिला शिवसुमनही म्हणतात. हे आपलं सह्याद्रीतलं सक्युलंट, महाराष्ट्राबाहेर रानात कुठेच नाही. एकोणिसाव्या शतकात डॅलझेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने मुंबईचा तेव्हाचा गव्हर्नर बार्टल फ्रिअर याच्या नावाने तिला ‘फ्रेरिया’ म्हटलं. बोटाएवढ्या जाड फांद्या कड्यावरून खाली लोंबत होत्या, पानं हिरवीगार. उन्हाळ्यात ही पानं गळून नुसत्या फांद्या राहतात. एक फूल होतं, गडद लाल पाच टोकांचं, मध्ये पिवळं. दुर्बिणीतून तिघींनी आळीपाळीने पाहिलं.

जून ते सप्टेंबर जुन्नरचा पाऊस अंगावर घेऊन हे झाड ताजंतवानं. मी तिथे उभी राहून कड्याकडे बघत होते. काळा उभा कातळ, फटीत चिमूटभर माती, पाणी येतं आणि सरळ खाली जातं. उभा धरलेला स्पंज. आईला म्हटलं, तर ती म्हणाली, “मग तुझ्या वाती आहेतच की.”

२ ऑक्टोबर

दसरा. झेंडूचं तोरण बांधताना गॅलरीतल्या कुंड्यांवर पाकळ्या पडल्या, त्या काढल्या. ओल्या पाकळीखाली बुरशी धरते.

मोजदाद: ३१ पैकी २७. गेल्या त्या तीन एचेवेरिया (एक कोकोपीटची, एक गाभा कुजून, एक ऑगस्टच्या शेवटी, तिचं कारण कळलं नाही, नोंद करायचीही राहिली) आणि तो एक जेड. हावर्थिया, गॅस्टेरिया, कोरफड, पानफुटी, ग्राप्टोपेटॅलम सगळी आहेत. जेडच्या शेंड्यांतले दोन रुजले, पानांपासून ग्राप्टोपेटॅलमची चार रोपं. ही सहा २७ मध्ये धरली नाहीत.

११ ऑक्टोबर

ऑक्टोबरचं ऊन. एलईडीखालची एचेवेरिया एकदम बाहेर काढली आणि दोन दिवसांत दोन पानांवर तपकिरी डाग. नऊवारीचा तुकडा पुन्हा बांधला. आठवडाभर झाकण, मग सकाळचे दोन तास मोकळं, मग हळूहळू.

१९ ऑक्टोबर

आज पाण्याचा दिवस. काट्याचे सेल संपलेले. आईने स्टूल ओढून गॅलरीत बसायला घेतलं, मी एकेक कुंडी तिच्या हातात देत गेले. “ही राहू दे. ही राहू दे. हिला घाल.” अकरा कुंड्यांना पाणी. कापून वाचवलेल्या एचेवेरियाची कुंडी तिने दोनदा उचलून पाहिली, तळहातावर जरा वेळ तशीच धरली.

“हिला उद्या,” म्हणाली.